पेवातली बाई

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा नातवाला घेऊन सांगलीजवळच्या हरिपूरला संगमेश्वराच्या देवळात गेलो होतो, येताना एका मोकळ्या प्लॉटकडं बोट दाखवून सहज म्हणालो, इथं खाली पेव होतं रे, तर पोरगा विचारतो, आजोबा पेव म्हणजे काय? हळदीच्या गावात जन्मलेलं पोर हो! आणि रोज पेपरात वाचतो की अमक्याचं पेव फुटलंय, तमक्याचं पेव फुटलंय. छापणाऱ्यातल्या किती जणांनी पेव बघितलंय हा पण प्रश्नच आहे, राग मानू नका.

तर पेव म्हणजे जमिनीत खणलेलं हळदीचं कोठार. तोंड एवढंसं, माणूस कसाबसा आत जाईल इतकं, आणि खाली पोट रांजणासारखं फुगलेलं. हळद भरली की तोंडावर फरशी, वर माती, झालं काम. आत हवा नाही म्हणून कीड नाही, वर्षानुवर्षं माल तसाच. हरिपुरात अशी पेवं घरोघरी असावीत तशी होती.

आमची आजी सांगायची, पेवाजवळ खेळायचं नाही, आत बाई असते. ती आधी दिवा फुंकते आणि मग माणसाला झोपवते. आम्ही दुपारी सुद्धा तिथनं पळत जायचो. पुढं मोठं झाल्यावर हमालांना पेव उघडताना बघितलं तेव्हा ट्यूब पेटली. फरशी काढली की लगेच कुणी उतरायचं नाही, बराच वेळ उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा, विझला तर अजून थांबायचं. बंद जागेत हळदच आतला ऑक्सिजन खाऊन टाकते आणि कार्बन डायऑक्साइड जड असल्यामुळं तळाला बसून राहतो, त्यात उतरलेला माणूस ओरडायच्या आधी आडवा होतो. म्हणजे आजी काय खोटं बोलत नव्हती, फक्त तिनं गॅसला लुगडं नेसवलं होतं.

2005 च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं आणि हळदीचा चिखल झाला. 2018 ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, कौतुक झालं, पण ही हळद ज्या पोटात राहायची ती पोटं कुठंकुठं होती हे आता कुणाला धड सांगता येत नाही. भराव टाकला, प्लॉट पाडले, विकले. घेणाऱ्याला खाली काय आहे ते सांगतंय कोण.

बाकी सांगलीत गोष्टींना तोटा नाही. सहा गल्ल्या म्हणून सांगली म्हणतात, पण त्या सहा कुठल्या हे गावभागात दोघांना विचारा, दोन याद्या मिळतील आणि वर भांडण लागेल. संस्थानच्या देवळातला चोर गणपती चतुर्थीच्या आधीच गाजावाजा न करता येऊन बसतो म्हणून चोर, एवढं पोरांना माहीत आहे कारण ते दरवर्षी होतं. पेवाचं तसं नाही ना, ते एकदा बुजलं की त्याची गोष्ट पण बुजते.

म्हणून विनंती, जुने हमाल, अडते, हरिपूरची म्हातारी माणसं आहेत तोवर तुमच्या वार्ताहरांनी त्यांना सोबत घेऊन पेवांच्या जागा लिहून काढाव्यात, नकाशा छापला तर फारच बरं. आणि बाईची गोष्ट पण घ्या, नुसत्या जागा नकोत.

आमच्या मागच्या बोळात एक गोल फरशी आहे. एक आजी दर अमावस्येला तिच्यावर हळदकुंकू वाहतात. खाली कोण आहे विचारलं तर म्हणाल्या, मला काय ठाऊक, सासूबाई घालायच्या म्हणून घालते. माझा अंदाज, पेवाचं तोंड असणार. हल्ली त्यावर एकजण चारचाकी लावतो, त्यामुळं आजी कुंकू बॉनेटवर वाहून येतात. कुणाला नक्की माहिती असेल तर कळवा.

आपला,
एक जुना वाचक, गावभाग, सांगली