डाव्या हाताने दूध

सांगली, 20 ऑक्टोबर

चि. ईशानला अनेक आशीर्वाद.

जोडाक्षरं अडली तर बाबाला विचारू नकोस, मला विचार. काल फोनवर आपलं जे झालं, त्यानंतर परत फोन करायचा धीर होत नाही. मेसेज केला की तू नुसता अंगठा पाठवतोस. म्हणून आजीच्या कपाटातले जुने फुलस्केप काढले. लिहून झालं की फोटो काढून पाठवते. सहा वर्षं दर रविवारी तुला मराठी शाळेत ओढत नेलं, ते आज वसूल करते असं समज.

आधी आजीचं. काल वॉकर घेऊन न्हाणीघरापर्यंत गेली आणि परत आली. व्यायाम घ्यायला येणारी मुलगी विचारते, "आजी, दुखतंय का?" ही म्हणते, "छे, छे." आणि पदराचं टोक दातांत. बुधवारी कोजागिरीला गच्चीवर जायचं म्हणून हटून बसली होती. शेवटी आटवलेल्या दुधाचा पेला खिडकीत ठेवला, पण चंद्र खिडकीत येईपर्यंत तिचा डोळा लागला होता. सकाळी उठून तेच दूध प्यायली आणि चंद्राचं होतं म्हणाली. तुझी चौकशी रोज असते. "त्याचा बॉल लागला का?" तुझ्या खेळात बॉल लागणं म्हणजे काय, हे तिला कोण समजावणार? मी आपली लागला म्हणते.

आता तुझ्या अमेरिकन फुटबॉलच्या मॅचचं. तुमची शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे इथे शनिवारची पहाट, साडेपाच. मी स्वयंपाकघरात दिवा न लावता बसले होते, आजी जागी होऊ नये म्हणून. बाबाने फोन उभा धरला होता. अर्धा वेळ मला पुढच्या बाईची टोपी आणि बँडमधल्या मुलांचे ट्रंबोन दिसत होते. काही चांगलं झालं की बाबा दोन्ही हात वर करतो, त्या वेळी मला टेक्ससचं आकाश दिसतं. "तू तिथून काय बघितलंस?" असं तू विचारलंस ते चुकीचं नाही.

पण मधेमधे तू दिसत होतास. पूर्वी चेंडू सोडला की तुझा हात छातीवरून आडवा येऊन डाव्या कमरेपर्यंत जायचा, अंगठा जमिनीकडे. आता तो छातीपाशीच थांबतो. कुणीतरी मनगट धरल्यासारखा. दुसरं इंटरसेप्शन झालं, म्हणजे तुझा चेंडू समोरच्या संघाने झेलला, त्या थ्रोला तर मी हात सुटल्यावर तुझं तोंड बघितलं. चेंडू कुठे पडला ते बघितलंच नाही.

मी खांद्याचं विचारणार नव्हते. निघताना विमानतळावर स्वतःला बजावलं होतं. आणि काल पहिल्याच वाक्याला विचारलं. तू "आई, प्लीज स्टॉप" म्हणून फोन ठेवलास. बरं, ठेवलास.

सगळे म्हणतात कॉन्फिडन्स गेलाय. कोच म्हणतात, बाबा म्हणतो, बाबाला बाकावर शेजारी बसणारे ते काका म्हणतात. बाबाचं म्हणणं असं की उन्हाळ्यात त्या खाजगी कोचने तुझा लूप काढला, तिथून गडबड झाली. चेंडू कमरेपर्यंत खाली नेऊन मग वर आणायचास, तो आता कानापासूनच सोडायचा. कारण कळतं मला. तेवढ्या वेळात डिफेन्सचा मुलगा दोन पावलं पुढे येतो. तुझ्यासारखाच चेंडू फेकणारा टीम टीबो 2010 मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत पहिल्या फेरीत निवडला गेला तेव्हाही सगळे त्याच्या लांबलचक फेकीबद्दलच बोलत होते, हे तूच मला जेवताना काटा हातात धरून करून दाखवलं होतंस. फेकायची पद्धत बदलताना मधला काही काळ असा जातो की जुनं सुटलेलं असतं आणि नवं बसलेलं नसतं. मुलगा थ्रो करताना कोपर कुठे आहे याचा विचार करतो, आणि विचार केला की उशीर होतो. तू हल्ली चेंडू सोडण्याआधी दोनदा थोपटतोस. पूर्वी थोपटायचास का? चेंडू झेलणारा रिसीव्हर मोकळा दिसत असतो आणि तू अजून थोपटतच असतोस.

तर कॉन्फिडन्सही असेल. मी नाही म्हणत नाही. जॉश ॲलनच्या नीट झेलल्या गेलेल्या फेकींचे आकडे तू फ्रिजवर लावलेस, तिथेच आहेत: 2018 ला 52.8 टक्के, 2020 ला 69.2. दोन वर्षं लागली त्याला, आणि त्याचं हे काम होतं, त्याला केमिस्ट्रीचा पेपर नव्हता. तुला ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत काय काय जमायला हवं होतं?

आणि एक. थ्रो पायातून येतो. मागच्या पायाने जमीन ढकलायची, कंबर आधी वळली पाहिजे, खांदे तिच्या मागून, हात सगळ्यात शेवटी. तुझा डावा पाय फार लांब पडतोय, त्यामुळे तू मागे झुकतोस आणि चेंडू रिसीव्हरच्या डोक्यावरून जातो. पाय आखूड टाक. रोज वीस थ्रो नुसते गुडघ्यावर बसून कर, भिंतीवर, आणि

थांबते. तुला तीन कोच आहेत, चौथी मी कशाला? सॉरी. कागदावर खोडता येत नाही म्हणून राहू दे.

पण कंबर आधी आणि हात शेवटी हे मी यूट्यूबवर शिकलेले नाही. तुला माहीत आहे की मी शाळेत भाला फेकायची. त्यापलीकडे काही माहीत नाही, कारण मी सांगितलं नाही. भालाही तसाच फेकतात. कोपर खांद्याच्या वर, पुढचा पाय ताठ रोवायचा, अंग त्यावर अडवायचं आणि मग हात चाबकासारखा सुटतो. बायकांचा भाला 600 ग्रॅमचा. तुझा चेंडू साधारण 400 चा. मोहितच्या क्रिकेटच्या चेंडूचे 160. हे वजन हातात दहा वेळा काहीच वाटत नाही. दोनशे वेळा फेकून बघ.

आमचं मैदान म्हणजे अर्धं काळ्या मातीचं. पावसाळ्यात भाला रुतला की दोघींनी ओढायचा. चारूमावशी माझा भाला आणून द्यायची आणि दर वेळेला चार पावलं पुढे रोवून "इथे पडला" म्हणायची. एकदा सरांनी पकडलं, दोघींना मैदानाला दहा फेऱ्या. ती अजून सांगते की दहा नव्हत्या, सहाच होत्या. तिच्यावर कुठलाही आकडा सोपवू नये.

माझा उजवा हात पूर्ण सरळ होत नाही. लहानपणी तू माझ्या हातावर गाडी चालवायचास आणि कोपराशी आली की म्हणायचास, आई, अजून सरळ कर. मी तुला सांगत आले की आयर्विन पुलाच्या उतारावर सायकलवरून पडले. बाबालाही तेच सांगितलंय. मी सायकलवरून कधी पडले नाही, ईशान. अकरावीत विभागीय स्पर्धा होत्या कोल्हापूरला. त्याआधी महिनाभर कोपर आतल्या बाजूने दुखत होतं. सरांना सांगितलं असतं तर माझ्या जागी दुसरी मुलगी गेली असती, तिचं नाव यादीत खाली लिहिलेलंच होतं. मी नाही सांगितलं. पहिल्या दोन फेकी बऱ्या गेल्या. तिसऱ्या वेळी आत काहीतरी दोरा तुटल्यासारखं झालं. भाला फारसा गेलाच नाही. त्यानंतर मी भाला हातात धरलेला नाही. तुला सोफ्यावरून उशी फेकायची ती डाव्या हाताने, बघ आठवून.

परवा आजीची वेणी घालत होते. ती म्हणाली, "तेव्हा तू महिनाभर डाव्या हाताने जेवायला वाढत होतीस." मी म्हटलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, "तू सांगशील म्हणून थांबले."

मला रात्रभर झोप नाही आली. राग आला तिचा. इतक्या वर्षांनी, पाय मोडलेल्या बाईचा.

मी निघाले त्याच्या आदल्या दिवशी तू फ्रिजमधून दुधाचा गॅलन डाव्या हाताने काढलास. भरलेला होता, चार किलो. दार उजवीकडे उघडतं, डाव्या हाताने काढायला अंग वळवावं लागतं. मी ओट्याशी उभी होते आणि काही बोलले नाही, कारण बॅग भरायची होती. दप्तरही हल्ली डाव्या खांद्यावर असतं. झोपायचास उजव्या कुशीवर, आता उताणा झोपतोस, बाबा घोरतोस म्हणून तक्रार करतो. हे मी काल सांगणार होते, पण तू फोन ठेवलास. (मीही ओरडले. ते मान्य.)

तुझ्या मागे कोण उभं आहे ते मला कळत नाही असं समजू नकोस. तो दहावीतला उंच मुलगा. तू दोन आठवडे बसलास तर तो खेळेल, कदाचित बरा खेळेल, आणि कॉलेजवाले ज्या शुक्रवारी येतील त्या शुक्रवारी तोच मैदानावर असेल. असं होऊ शकतं. नाही होणार असं मी म्हटलं तर तू मला ओळखणार नाहीस.

भिंतीवरचा तुझा ड्रू ब्रीझ ऑस्टिनच्या शाळेतला, सहा फुटांचा, म्हणून तुला आवडतो. 31 डिसेंबर 2005 ला त्याचा उजवा खांदा गेला, खोबणीची कड फाटली. पुढच्या वर्षी न्यू ऑर्लिन्सच्या संघाने घेतला आणि फेब्रुवारी 2010 मध्ये तो सुपर बोल, तुमच्या खेळातली सगळ्यात मोठी मॅच, जिंकला. पोस्टर 2010 चं आहे. नीरज चोप्राच्या कोपराचं ऑपरेशन 2019 मध्ये झालं, तो हंगाम त्याचा बुडाला, आणि 7 ऑगस्ट 2021 ला टेक्ससला आपल्या घरी सकाळी सहाला मी तुला उठवलं. 87.58 मीटरला मी किंचाळले आणि तू सोफ्यावर परत झोपलास. मी का रडते हे बाबाने विचारलं, मी म्हटलं भारताचं गोल्ड.

हे दोघे मोठे होते आणि त्यांच्याभोवती डॉक्टर होते. तू सोळाचा आहेस. तुझ्या वयात खांद्याजवळचं हाड अजून वाढत असतं, तिथला भाग मऊ असतो, सारखं ताणून तो दुखतो आणि बहुतेक वेळा नुसत्या विश्रांतीने भरून येतो. बहुतेक वेळा. वेळेवर थांबलं तर. परत लेक्चर झालं का? झालं.

शाळेतल्या ट्रेनरबाईंकडे सोमवारी जा. पाच मिनिटांचं काम आहे. हात वर कर म्हणतील, मागे ने म्हणतील. काही नसेल तर मी तुझी माफी मागेन, लेखी, जोडाक्षरांशिवाय. बाबाला मी बुधवारपर्यंत काही सांगणार नाही. बुधवारनंतर सांगेन, आणि हे मी आधी सांगतेय म्हणजे नंतर तू मला चोरटी म्हणू नकोस.

एक राहिलं. सप्टेंबरमधली पहिली मॅच. मी तिथे होते. भोंग्यावर तो माणूस आपलं आडनाव "डेशमक" म्हणाला आणि तू हेल्मेट घालत पळत आत आलास. तिसऱ्या प्लेला तू डावीकडे धावत, पळता पळता, त्या तेवीस नंबरच्या मुलाच्या हातात चेंडू ठेवलास. फेकला नाहीस, ठेवलास. शेजारच्या बाईने विचारलं, तुमचा का? मी हो म्हटलं आणि माझा आवाज फुटला नाही. ते तुला सांगायचं राहून गेलं, कारण गाडीत बसल्याबसल्या मी तुला पाणी का प्यायला नाहीस म्हणून बोलले.

डब्यातला चिवडा संपला असेल. मी येताना आणते, पण आजी पायरी चढल्याशिवाय मला निघता येणार नाही. उत्तर लिहायचं नसेल तर नको. नुसतं हो किंवा नाही पाठव. अंगठा नको, अंगठ्याने मला काही कळत नाही.

आणि शुक्रवारी तू खेळणार असलास किंवा नसलास, बाबाला फोन आडवा धरायला सांग.

तुझी,
आई