गोदीतल्या जहाजाचीही परीक्षा घ्या

माननीय संरक्षणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

२१ जुलै २०२४ ला मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात आयएनएस ब्रह्मपुत्रा या युद्धनौकेला आग लागली. दुसऱ्या दिवशी ती एका कुशीवर कलंडली आणि आपला एक नौसैनिक गेला. ५ डिसेंबर २०१६ ला याच डॉकयार्डात आयएनएस बेतवा ही युद्धनौका गोदीतल्या ठोकळ्यांवरून घसरून आडवी झाली, दोघे गेले. दोन्ही जहाजं रिफिटमध्ये, म्हणजे मोठ्या दुरुस्तीत होती. समोर ना शत्रू होता, ना वादळ.

मी लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत, नौदलाच्या इंजिनिअरिंगच्या प्रशिक्षण केंद्रात शिकलो, उमेदीची वर्षं इंजिनरूममध्ये काढली. रिफिट उरकली की वर्क-अपची, म्हणजे जहाजाची आणि खलाशांची तयारी तपासणारी टीम जहाजावर येते. इंजिनं चालवून बघते, दिवे घालवते, लुटुपुटीची आग लावून सगळ्यांना घाम फोडते. ती परीक्षा कडक असते, असायलाच हवी. पण त्याआधी जहाज महिनोन् महिने गोदीत उघडं पडलेलं असतं. पंप खोललेले, पाइप काढलेले, जागोजागी वेल्डिंग, निम्मे लोक रजेवर किंवा कोर्सला. धोका तेव्हा मोठा असतो.

एका रिफिटमध्ये रात्री मी वॉटरटाइट दरवाजा लावायला गेलो. त्यातून वेल्डिंगची केबल, हवेचा होज आणि तात्पुरत्या दिव्यांची वायर गेलेली. दरवाजा हातभर उघडाच राहिला. केबल कुठून सोडवायची, हे ड्यूटीवरच्या चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. वहीत मात्र 'दरवाजे तपासले' अशी नोंद झाली. खाली सही माझी होती. त्या सहीची लाज मला आजही वाटते.

आगीवर मारलेलं पाणी वरच्या डेकवर साचलं की जहाज कलतं, म्हणून विझवता विझवताच उपसावं लागतं. हे आम्ही पाठ केलं होतं. पंप बंद असलेल्या जहाजावर ते करून दाखवा, असं माझ्या नोकरीत कुणी म्हटलं नाही.

२००७-०८ ते २०१५-१६ या काळात नौदलाच्या जहाजांना आणि पाणबुड्यांना ३८ अपघात झाल्याचं कॅगने नोंदवलंय. त्यानंतरही बेतवा झाली, ब्रह्मपुत्रा झाली.

माझी मागणी एकच आहे. रिफिटमधल्या जहाजावर न कळवता रात्री दोनला टीम पाठवा. हजर असेल त्याच ड्यूटीवरच्या तुकडीला, ठेकेदाराच्या वेल्डरसकट, लुटुपुटीची आग विझवायला लावा. होजच्या तोंडाशी पाणी किती मिनिटांत आलं, दरवाजे किती मिनिटांत लागले, हे घड्याळ लावून बघा. नापास झालं तर त्या जहाजावरचं वेल्डिंग दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होऊ देऊ नका, रिफिट संपायची तारीख कितीही पुढे गेली तरी.

आपला नम्र,
एक निवृत्त नौसैनिक