आजीला फोन केलात म्हणून

ग्रंथपालताईंना सप्रेम नमस्कार,

नाव छापायचं नाही अशी तुमची ताकीद आहे, म्हणून नुसतं ताई.

आमची आजी १९५२ साली मद्रासच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत मुंबई राज्याकडून रिले, म्हणजे एकमेकींच्या हातात बॅटन (छोटी दांडी) देत पळायची शर्यत, धावली, हे घरात सगळ्यांनी ऐकलं होतं आणि खरं कुणालाच वाटत नव्हतं. नव्वदीची बाई सांगतेय, तर "हो का आजी" म्हणायचं आणि टीव्हीचा आवाज वाढवायचा, असं चालायचं. जिथे नोंदी असायला हव्यात त्या कचेरीत गेले, तर "लेडीजचं जुनं काही ठेवलेलं नाही" म्हणून साहेब चहाला निघून गेले. दुसरीकडे एकाने मलाच विचारलं, "तेव्हा बायका पळायच्या?"

पळायच्या हो! १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या, तिथे रोशन मिस्त्रीने १०० मीटरचं रौप्य घेतलं, मेरी डिसूझाने २०० मीटरचं कांस्य, आणि रिलेतही भारताच्या मुलींना रौप्य मिळालं. पुढच्या वर्षी मेरीला हेलसिंकी ऑलिंपिकला जायचं होतं आणि पैशांची सोय नव्हती. मग बांद्र्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नाचाचे कार्यक्रम केले, पत्त्यांचे डाव लावले आणि पैसे उभे केले. १९५४ ला मनिलात रिलेचं सुवर्ण जिंकणाऱ्या संघात ती होती. खेळातल्या आयुष्यभराच्या कामगिरीचा ध्यानचंद पुरस्कार तिला कधी मिळाला? २०१३ मध्ये! शेजाऱ्यांना जे तेव्हाच कळलं होतं, ते सरकारदरबारी पोचायला जवळजवळ साठ वर्षं गेली.

तुम्हाला विचारलं, तर तुम्ही आजीचं माहेरचं नाव विचारलंत आणि जुन्या वर्तमानपत्रांत मद्रासला निघालेल्या संघाची यादी शोधून काढलीत. फोटो पाठवलात तेव्हाच माझं काम झालं होतं. पण तुम्ही विचारलंत, "आजींशी बोलू का?" तिला कमी ऐकू येतं, म्हणून यादी सावकाश, पहिल्या नावापासून वाचलीत. तिचं नाव आल्यावर थांबलात. आणि मग म्हणालात, "आजी, बॅटन कुठल्या हातात घ्यायचात तुम्ही?"

ताई, आम्ही तिला नातवंडं सांभाळायला लावलं, लोणची घालायला लावली, गुडघे कसे आहेत ते रोज विचारलं. हे मात्र आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. ती फोन कानाला धरून खुर्चीतून उठली. घ्यायचा एका हातात, पळता पळता बदलायचा दुसऱ्यात, मागे वळून बघायचं नाही, आणि पुढची आधी सुटली तर सगळं मुसळ केरात, हे सगळं ती तुम्हाला ओरडून सांगत होती. तुम्ही मध्ये एकदाही "बरं, ठेवते" म्हणाला नाहीत. टेबलावर कामं काय कमी असतील?

अशी माणसं असतात म्हणून बरं चाललंय. बांद्र्याचे ते शेजारी तसलेच असणार. कुणी सांगितलं नसताना पदरचा वेळ घालणारे.

यादीची प्रत फ्रेम करून लावलीय. टीव्हीचा आवाज वाढवणारे काका आता पाहुण्यांना ती स्वतः दाखवतात. त्यांचं काय बोलायचं! आजीचा तुम्हाला निरोप आहे: घरी या, फोनवर हात दाखवता येत नाही. मात्र चारनंतर या, दुपारी ती झोपते.

तुमची,
एका धावपटूची नात