डब्यावर २० वॅट, आत दोन. आणि रेडिओत शिटी: एक तक्रार पत्र

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय: आपल्या ब्लूटूथ स्पीकरमुळे रेडिओत येणारा व्यत्यय आणि डब्यावर छापलेले दिशाभूल करणारे आकडे

महोदय,

आपला हातात मावणारा ब्लूटूथ स्पीकर मी पुण्यातल्या एका दुकानातून घेतला. बिलाची प्रत सोबत आहे. हा स्पीकर चालू केला की शेजारी ठेवलेल्या ट्रान्झिस्टरवरचे आकाशवाणीचे पुणे केंद्र (मध्यम लहरी, ७९२ किलोहर्ट्झ) शिटी आणि खरखरीत बुडून जाते. गाणे थांबवले तरी शिटी चालूच. स्पीकर पूर्ण बंद केला तरच बातम्या ऐकू येतात.

हे घेऊन मी आपल्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. तिथल्या मुलाने सांगितले, “काका, यात क्लास-डी ॲम्प्लिफायर आहे. त्याचं असं होतंच. तुम्ही एफएम ऐका ना.” स्पीकरपेक्षा माझी जास्त तक्रार या उत्तराबद्दल आहे. आयटीआयमध्ये मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात माझी नोकरी गेली. ‘असं होतंच’ हे उत्तर मी तोंडी परीक्षेतही कुणाकडून घेतले नाही.

जुन्या पद्धतीच्या, म्हणजे एबी वर्गाच्या ॲम्प्लिफायरमध्ये ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा राहतो. स्पीकरला न लागणारा व्होल्टेज तो स्वतःवर घेतो आणि त्याची उष्णता करतो. पंख्याचा जुना, तारेच्या वेटोळ्यांचा रेग्युलेटर पंखा हळू केला की तापायचा, तसेच हे. कागदावर त्याची कमाल कार्यक्षमता ७८.५ टक्के आहे, पण ती पूर्ण आवाजाला. घरात ऐकतो त्या आवाजाला बरीचशी बॅटरी उष्णतेतच जाते. क्लास-डीमध्ये आवाजाच्या लहरीची तुलना अतिवेगवान त्रिकोणी लहरीशी होते आणि त्यातून कमी-जास्त रुंदीचे स्पंद तयार होतात. त्या स्पंदांवर मॉसफेट (स्विचसारखा वापरलेला ट्रान्झिस्टर) एक तर पूर्ण चालू असतो, नाही तर पूर्ण बंद. चालू असताना त्याच्यावर व्होल्टेज जवळजवळ नसतो, बंद असताना प्रवाह नसतो, त्यामुळे वाया काय जाणार? स्पंदांची सरासरी काढायचे काम स्पीकरची कॉइलच करते. मोबाइल आणि असले छोटे स्पीकर एवढ्याशा बॅटरीवर तासन्तास वाजतात ते यामुळे. मला हे तंत्र मनापासून आवडते, म्हणून त्याच्या नावावर आपली काटकसर खपवलेली चालत नाही.

माझ्या स्पीकरचे सील मी तोडलेले नाही. शेजाऱ्यांकडे हेच मॉडेल आहे, त्याची वॉरंटी संपली आहे; तो त्यांच्या परवानगीने उघडला. आतल्या ॲम्प्लिफायर चिपच्या माहितीपत्रकात स्विचिंगची, म्हणजे चालू-बंद होण्याची, वारंवारता २६० किलोहर्ट्झच्या आसपास दिली आहे. अशा स्पंदांतून तिच्या पटीतल्या लहरीही बाहेर पडतात. तिची तिप्पट ७८०, म्हणजे पुणे केंद्राच्या अगदी कुशीत, आणि दर चिपमागे हा आकडा थोडा वर-खाली होतोच. गाणे थांबले तरी चिप स्विच होत राहते, म्हणून शिटीही थांबत नाही. चिपपासून स्पीकरपर्यंतच्या लांब तारा त्यात अँटेनाचे काम करतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि उपायही ठाऊक आहेत: तारा आखूड ठेवा, पीळ द्या, चिपच्या बाहेर पडतानाच फेराइट बीड (अतिवेगवान लहरी अडवणारा छोटा मणी) आणि छोटे कपॅसिटर लावा, किंवा वारंवारता सतत थोडी हलती ठेवणारी चिप वापरा.

आता आपल्या बोर्डाकडे पाहा. त्यावर ‘एफबी१’ आणि ‘एफबी२’ अशा फेराइट बीडच्या दोन जागा छापलेल्या आहेत. तिथे बीड नाहीत, शून्य ओहमचे, म्हणजे काहीच न अडवणारे, तुकडे डकवले आहेत. कपॅसिटरच्या जागा रिकाम्याच. म्हणजे ज्या इंजिनिअरने हा बोर्ड आखला त्याला सगळे कळत होते. नंतर कुणीतरी नगामागे किरकोळ पैसे वाचवले. मग ‘असं होतंच’ कसे? आपण होऊ दिलेत.

दुसरी तक्रार डब्यावरच्या ‘२० वॅट’ची. आत ३.७ व्होल्टचा एकच सेल, २००० एमएएचचा. व्होल्टेज वाढवणारे सर्किट नाही. चिपला थेट सेलचाच पुरवठा. स्पीकर एक, ४ ओहमचा. दोन्ही टोकांनी चालवला तरी लहरीचे शिखर सेलच्या व्होल्टेजपलीकडे जात नाही. शुद्ध लहरीचा हिशेब ३.७ चा वर्ग भागिले ८ (४ ओहमची दुप्पट), म्हणजे १.७ वॅट, पूर्ण चार्ज, ४.२ व्होल्टला २.२ वॅट. आवाज फाटून लहर साफ चौकोनी झाली, तरी साडेचार वॅटच्या आत. वीस कुठून आणले?

१९६४ साली ब्रिटनमध्ये सिंक्लेअरने क्लास-डीचा पहिला विक्रीचा संच काढला, नाव एक्स-१०. त्यातून अडीचच वॅट मिळत. पण त्या काळी या कामाजोगे ट्रान्झिस्टरच मिळत नव्हते, ती सबब आपल्याला नाही.

त्याच डब्यावर ‘१८ तास प्लेबॅक’ आहे. सेलमध्ये ऊर्जा ७.४ वॅट-तास. २० वॅट खरे असते, तर ९० टक्के कार्यक्षमता धरूनही स्पीकर वीस मिनिटांत गप्प झाला असता. अठरा तास वाजवायचा तर ब्लूटूथसकट सगळा खर्च सरासरी ०.४ वॅटमध्ये बसवावा लागतो, म्हणजे बराच कमी आवाजात. एकाच डब्यावरचे दोन आकडे एकमेकांना खोटे पाडतात. ‘९५ टक्के कार्यक्षमता’ हीही तशीच: ४ ओहमच्या भारावर ती तेवढी मिळत नाही, आणि आवाज कमी केला की आणखी घसरते, कारण चिपचा स्वतःचा खर्च गाणे मोठे असो वा छोटे, चालूच राहतो.

माझ्या मागण्या अशा. स्पीकर परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी, किंवा बीड आणि कपॅसिटर लावलेला नग बदलून द्यावा. डब्यावर आरएमएस वॅट, म्हणजे सतत मिळणारी खरी शक्ती, छापावेत. किती ओहमला आणि आवाजाच्या किती टक्के विकृतीला (फाटण्याला), तेही. प्लेबॅकचे तास कोणत्या आवाजाला मोजले ते लिहावे. आणि सर्व्हिस सेंटरमधल्या त्या मुलाला बोलणी खायला लावू नका. त्याला जे शिकवले तेच तो बोलला.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या मुद्द्यासह, मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. या रकमेच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही, आणि निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर असतो.

कळावे.

आपला,
एक ग्राहक, पुणे

सोबत: बिलाची प्रत, डब्याच्या तिन्ही बाजूंची छायाचित्रे, बोर्डाचे छायाचित्र (‘एफबी१’ व ‘एफबी२’ला लाल गोल केला आहे)