आठ हजारांचं घड्याळ

बेंगळुरू, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर आणि शेजारच्या काकू कायम तुमच्या सोप्यात. म्हणून पत्र. गणपतीत आई, तू माझ्या मनगटाकडे बघून "केवढ्याला गं?" विचारलंस आणि मी "आठ हजार" म्हणून मोकळी झाले. ते खोटं होतं. घड्याळ चार लाख वीस हजारांचं आहे. आणि नवं नाही, कुणीतरी वापरून विकलेलं.

आई, आधी खाली बस. मग पुढचं वाच.

बाबा, तुम्ही तेव्हा ते हातात घेऊन नखानं टिचकी मारलीत आणि हसलात. "काच नाही ही, प्लास्टिक आहे. फसवलं की गं तुला!" मी गप्प बसले. घरात सगळ्यात आधी खरं तुम्हीच पकडलं होतं. प्लास्टिकच आहे ते, तुमच्या एचएमटीवर असतं तसलंच. फक्त इथे ते मुद्दाम ठेवलंय. हे ओमेगा या स्विस कंपनीचं स्पीडमास्टर. नासानं १९६५ मध्ये अंतराळवीरांसाठी घड्याळं तपासली, उष्णतेत, थंडीत, निर्वातात, धक्के देऊन. त्यात हे टिकलं. काच फुटली तर तिचे तुकडे यानात तरंगत राहणार, कुणाच्या डोळ्यात जातील सांगता येत नाही. प्लास्टिक तडकतं, पण त्याचा चुरा होत नाही. म्हणून चार लाखांच्या घड्याळाला प्लास्टिक.

जुलै १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला तेव्हा यानातलं वेळ मोजायचं यंत्र बिघडलं होतं, म्हणून त्यानं आपलं घड्याळ आतच ठेवलं. चंद्रावर पहिलं फिरलं ते त्याच्या साथीदाराचं, ऑल्ड्रिनचं. ते पुढे संग्रहालयाकडे पाठवताना वाटेतच गहाळ झालं. पार्सलं सगळीकडे गहाळ होतात, बाबा.

मला खरी मजा वाटते ती त्याच वर्षाच्या शेवटाची. डिसेंबर १९६९ मध्ये जपानच्या सेकोनं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं. क्वार्ट्झ म्हणजे सेलवर चालणारं. आजच्या अशा घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, तुमच्या चावीच्या एचएमटी जनताचं चक्र सेकंदाला पाच ठोके देतं, माझंही चावीचंच, ते सहा. कोण अचूक, हे सांगायला नको. चंद्रावर जाऊन आलेल्या घड्याळाची गरज पाच महिन्यांत संपली. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत स्वित्झर्लंडमधल्या घड्याळ कामगारांची संख्या एक तृतीयांशाच्या आसपास आली. आपल्याकडे १९८४ मध्ये टायटन उभी राहिली, पुढे एचएमटी मागे पडत गेली आणि २०१६ मध्ये सरकारनं तिचा घड्याळांचा व्यवसाय बंद करायला मंजुरी दिली. मागच्या महिन्यात मी इथल्या जालहळ्ळीतलं एचएमटीचं संग्रहालय बघून आले. तुमचं जनता तिथे काचेच्या कपाटात आहे. आपल्याकडे ते फ्रिजवर, औषधांच्या डब्यात असतं.

आता मुद्द्याचं. एवढे पैसे घालून घ्यावं का असलं घड्याळ? आई, तुझं उत्तर मला माहीत आहे, "तेवढ्यात पाटल्या झाल्या असत्या." बरोबर आहे. पाटल्यांचा भाव वाढला असता, अडीनडीला गहाण ठेवता आल्या असत्या. ऑफिसातली पोरं घड्याळाला गुंतवणूक म्हणतात. २०२१ मध्ये जुन्या घड्याळांचे भाव चढले तेव्हा ज्यांनी घाईनं घेतली, त्यातले कितीजण २०२२ नंतर गप्प झाले ते मी बघितलंय. शिवाय पाच-सात वर्षांनी उघडून साफसफाई, तेलपाणी करून घ्यायचं, त्याचे मला पन्नास हजारांच्या वर सांगितलेत. पाटल्यांना तेलपाणी लागत नाही.

वेळेसाठी म्हणाल तर तेही नाही. माझं घड्याळ दिवसाला सहा सेकंद पुढे जातं, म्हणजे महिन्याला तीन मिनिटं. कॅसिओचं ते काळ्या पट्ट्याचं एफ-९१डब्ल्यू महिन्याला अर्धं मिनिट इकडेतिकडे होतं, आणि ते खरंच आठ हजारांच्या कितीतरी आत मिळतं. कराड स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत बसून तुम्हाला गाड्या सोडायच्या असत्या, तर मी तुम्हाला कॅसिओच घेऊन दिलं असतं.

मग घेतलं का? सकाळी उठून त्याला चावी द्यायला मला आवडतं, एवढंच. आजोबांनी लग्नात दिलेल्या जनताला तुम्ही रेडिओवरच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांवर चावी द्यायचात आणि मिनिटभर पुढे करायचात. मी दप्तर भरत ते बघायची. सेलच्या घड्याळाला माझी गरज नसते. याला रोज लागते, एक दिवस चुकलं तर चालतं, दोन दिवस चुकलं की बंद. हे कारण चार लाखांचं नाही, हे मलाही कळतं. दोन हजारांच्या जुन्या एचएमटीनंही भागलं असतं. पण मला हेच हवं होतं, हट्टच होता, आणि पहिल्यांदाच कुणाला न विचारता तो पुरवला.

मग खोटं का बोलले, तर तुम्हाला आवडणार नाही ते ऐका. दुकानात कार्ड काढताना मी मनातल्या मनात भागाकार केला. बाबा, तुमची पेन्शन महिन्याला दोन हजार नऊशे. म्हणजे हे घड्याळ तुमची बारा वर्षांची पेन्शन. निवृत्त झाल्यापासून आजपर्यंत तुम्हाला जेवढी मिळाली, जवळपास तेवढी. हिशेब झाला तरी मी कार्ड पुढे केलंच. गणपतीत तुम्ही दोघं समोर बसलेले असताना तो आकडा तोंडातून निघेना.

मेट्रोत मी बाही ओढून ते झाकते, बसमध्ये पिशवीत टाकते. निम्मा वेळ ते दिसतच नाही. चोर बघेल ही भीती आहेच, पण ओळखीचं कुणीतरी किंमत ओळखेल याची जास्त. हौसेनं घेतलेली वस्तू लपवत हिंडायचं, ही गंमत दुकानदारानं सांगितली नव्हती. दुसरं मात्र घेणार नाही. एकाच्या पायी एवढं लांब पत्र लिहावं लागलं.

दिवाळीला येते. घड्याळाच्या प्लास्टिकवर तीनच्या खुणेपाशी एक ओरखडा पडलाय. बाबा, जनतावरचे ओरखडे तुम्ही कोलगेट लावून मऊ फडक्यानं घासून काढायचात, तसा काढून द्या. इथल्या दुकानात द्यायचा धीर होत नाही. जनता पण डब्यातून काढून ठेवा, दोन्हींना एकदमच चावी देऊ.

आणि आई, काकूंनी विचारलं तर आठ हजारच सांग.

तुमची,
ताई