आमच्या काट्याचं सॉफ्टवेअर मार्गी लावणाऱ्या महापेच्या ताईंना

ताई, नमस्कार. फोनवर थँक्यू म्हणालो होतो, पण तेवढ्याने मन भरलं नाही म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

तुर्भ्याच्या गोदामातलं वजनकाट्याचं सॉफ्टवेअर नवं व्हर्जन टाकल्यापासून उठतच नव्हतं, बाहेर ट्रकची रांग, मालकाचे फोनवर फोन आणि स्क्रीनवर एकच रड, 'जीलिबसी २.३४ नॉट फाउंड' (जीलिबसी किंवा लिबसी म्हणजे लिनक्सवरच्या जवळपास प्रत्येक प्रोग्रामला लागणारी मूळ लायब्ररी). ज्यांनी प्रोग्राम बिल्ड करून (कोडवरून चालणारी फाईल बनवून) दिला त्यांचं पालुपद ठरलेलं, आमच्या उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) चालतंय, तुमचाच सर्व्हर खराब आहे. वर त्यांच्या माणसाने काय केलं तर दुसऱ्या मशीनवरची लिबसीची फाईल उचलून आमच्या सर्व्हरच्या रॉकी लिनक्सवर (लिनक्सचा दुसरा प्रकार) टाकली, मग फाईलींची यादी दाखवणारी साधी एलएस कमांडसुद्धा चालेना! पैसे पूर्ण घेतले आणि नंतर फोन उचलणं बंद. तो राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू.

तुमची आमची ओळख फक्त लिफ्टमधली. तरी स्वतःचं काम संपवून तुम्ही खाली आलात, एरर शेवटपर्यंत वाचलीत (हे आधी कोणीच केलं नव्हतं) आणि सांगितलंत की उबुंटू २२.०४ वर जीलिबसी २.३५ असते, आमच्या रॉकी ८ वर २.२८, आणि २.३४ पासून प्रोग्राम सुरू करणाऱ्या फंक्शनचंच व्हर्जन बदललंय त्यामुळे तिकडे बिल्ड केलेला नुसता 'हॅलो वर्ल्ड' छापणारा प्रोग्रामसुद्धा इथे अडकणार. जुन्यावर बनवलेलं नव्यावर चालतं, उलटं नाही. म्हणजे सर्व्हरमध्ये खोट नव्हतीच!

रॉकी ८ च्या कंटेनरमध्ये (सर्व्हरसारखंच वातावरण असलेल्या वेगळ्या कप्प्यात) बिल्ड केलं, काटा चालू झाला. पण मला भिडलं ते त्यानंतरचं. निघता निघता तुम्ही परत बसलात आणि डॉकरफाईलच्या (कंटेनर कसा बनवायचा ते लिहिलेल्या फाईलच्या) एकेका ओळीवर मराठीत कॉमेंट लिहिलीत. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीबद्दल, आणि लिनक्सचाच आणखी एक प्रकार असलेल्या डेबियनवर तिला काय म्हणतात त्याबद्दल: 'डेबियनवर हिचं नाव लिबएसएसएल-डेव्ह, इथे ओपनएसएसएल-डेव्हल, वस्तू तीच.' 'ओपनएसएसएल प्रोग्रामसोबत देतोय, म्हणजे तिचे सिक्युरिटी अपडेट आता आपल्या गळ्यात.' 'जीलिबसी मात्र कधीही कॉपी करायची नाही.' कोपरखैरण्याहून तुमची ट्रेन चुकत होती, मी म्हटलं राहू द्या, उद्या बघू, तर म्हणालात, "उद्या मी नसले तर कोणाला विचारणार तुम्ही?"

असं कोणी करत नाही हो ताई. इथे लोक स्वतःला येत असलेली गोष्ट मुठीत धरून बसतात, पुढच्याने परत आपल्याच दारात यावं म्हणून. तुम्ही ना पैशाचा विषय काढलात ना उपकाराचा, आणि मला एकदाही अडाणी वाटू दिलं नाहीत. अशी माणसं आहेत म्हणून या धंद्यात टिकायची हिंमत होते.

दुसऱ्या गोदामात डेबियन ११ आहे, तिथलं काम आमच्या नव्या मुलाने त्या कॉमेंट वाचून एकट्याने केलं, कोणालाही फोन न करता. आता ऑफिसात सगळे तीच फाईल वापरतात. तिच्यावर सगळ्यात वरती तुमचं नाव टाकायचंय, नाही म्हणू नका.