आरोग्यमंत्री साहेब, पट्टीसोबत चप्पलही द्या

मा. आरोग्यमंत्री साहेब,
नमस्कार. मी मूळची निफाड तालुक्यातली, आता नाशिकला पंचवटीत राहते. आमचे अण्णा ७१ वर्षांचे, शुगर जुनी, सगळं आयुष्य द्राक्षबागेत. मागच्या चैत्रात वणीच्या गडावर अनवाणी जाऊन आले आणि अंगठ्याखालचा घट्टा फुटला. दुखलंच नाही, म्हणून कुणाला दाखवलं पण नाही, आईला फरशीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा कळलं.

मग ७ महिने एक दिवसाआड ड्रेसिंग. सिस्टर मनापासून करायची, तिला अजिबात दोष नाही, पण पट्टी बांधून झाली की अण्णा त्याच पायावर, त्याच झिजलेल्या स्लीपरवर स्टँडपर्यंत चालत जायचे आणि हा माणूस चालतो कशावर हे ७ महिन्यांत एकानेही विचारलं नाही. शेवटी एका डॉक्टरांनी १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवला, अण्णांना काही कळेचना. पायाची नाडी बघितली, डॉप्लर म्हणजे रक्तप्रवाहाची तपासणी केली, रक्त नीट पोचत होतं म्हणून जखमेची जाड कड खरवडून गुडघ्याखालपर्यंत प्लास्टर घातलं, तेवढ्या जागेवर भार येऊ नये म्हणून, आणि ते दर आठवड्याला बदललं. ९ आठवड्यांत जखम भरली साहेब!

प्लास्टर सगळ्यांना चालत नाही हे मलाही आता कळलंय. शेजारच्या आजींची जखम घोट्याच्या वर, आतल्या बाजूला, शिरा फुगल्यामुळे झालेली, त्यांना नाडी तपासून दाबपट्टी लागते. पण आधी कारण तर बघा ना, सगळ्यांना तीच बेटाडीनची पट्टी का?

कुष्ठरोगात पाय बधिर होतात म्हणून सरकार त्या पेशंटना एमसीआर रबराच्या मऊ चपला देतं. शुगरवाल्यांचे पायही तसेच बधिर होतात, मग तीच चप्पल त्यांनाही द्या. भरलेली जखम वर्षभरात परत होणारे १०० मध्ये साधारण ४० असतात, चप्पल नसेल तर आमची सगळी मेहनत पाण्यात. तिशीच्या पुढच्यांची शुगर तपासायला एनसीडी म्हणजे असंसर्गजन्य आजारांची क्लिनिक आहेतच, तिथेच पायताण काढायला लावून तळवे बघा, धागा टेकवा, दोन मिनिटं लागतात. आणि हे प्लास्टर घालता येणारा एक तरी माणूस प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात तयार करा, सुरगाण्याच्या म्हाताऱ्या माणसाने दर आठवड्याला नाशिकला यायचं तरी कसं आणि किती दिवस?

अण्णा परवा विचारत होते, या चैत्रात गडावर जाऊ का म्हणून. मी म्हटलं गाडीने जाऊ, आणि पायात घालूनच.

आपली,
निफाडची एक लेक